डबा तसाच परत येतो

ताई,
माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत. सकाळची शाळा. पावणेसातला बस येते, दीडला घरी परततो. नऊला दहा मिनिटांची छोटी सुट्टी असते, तेव्हाचा चिवडा किंवा बिस्किटं तो संपवतो. अकराला वीस मिनिटांची मधली सुट्टी, तेव्हाचा पोळीभाजीचा डबा मात्र तसाच परत आणतो. शाळेत वेफर्स, नूडल्स चालत नाहीत, मधल्या सुट्टीत पोळीभाजीच हवी असा नियम आहे. घरी तो वरणभात, तूपसाखर-पोळी, बटाट्याची भाजी, डोसा, दाण्याची चटणी, केळं आणि चीज खातो. पालेभाजी, वांगं, भोपळा, रस्सा यांना हातही लावत नाही. दूध तीन वेळा पितो, पेलाभर, चॉकलेटची पावडर घालून. डबा संपवलास तर चॉकलेट देईन असं सांगून पाहिलं, रागावूनही पाहिलं. दुपारी सासूबाई मोबाइल लावून भरवतात. त्या म्हणतात, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी वजन-उंची बघितली, वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले. पण बाईंनी डायरीत परत शेरा लिहिलाय, ‘डबा खात नाही, पालकांनी लक्ष द्यावे.’ मी पाचला उठून स्वयंपाक करते, आठची लोकल पकडते. संध्याकाळी तो भरलेला डबा उघडला की रडू येतं. काय देऊ? कडक वागू का? आणि बाईंना काय सांगू?
– एक आई, डोंबिवली

नमस्कार,

डॉक्टरांचं म्हणणं तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात, पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ तीच. वजन-उंची ठीक आहे म्हणजे मूल वाढतंय. दिवसभरात त्याच्या पोटात पुरेसं जातंय, फक्त ते या एका डब्यातून जात नाहीये. त्यामुळे हातघाईवर यायचं कारण नाही. तुम्ही कुठे कमी पडताय असंही नाही. पहाटे पाचला उठून केलेलं अन्न परत आलं की कुणालाही भरून येईल.

मेनूचं नंतर बघू, आधी डबाच तपासून घ्या. येत्या रविवारी त्याच्या रोजच्या डब्यात गरम भाजी-पोळी भरा, झाकण घट्ट लावा आणि दोन-तीन तास तसाच ठेवा. मग त्याला जमिनीवर बसवून म्हणा, ‘उघड बघू.’ मदत करू नका, नुसतं बघा. रबरी कडेचं झाकण असेल तर आतली वाफ गार होताना हवा आकसते आणि झाकण आतून ओढून धरल्यासारखं बसतं. आपल्यालासुद्धा कधी कधी चमच्याची कड घालावी लागते. भरलेल्या वर्गात ‘बाई, उघडत नाही’ म्हणायला सात वर्षांचं मूल लाजतं आणि डबा तसाच दप्तरात ठेवून देतं. समजा उघडला, तर पुढचं बघा. पोळीच्या घड्या वाफेने ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. एका हाताने डबा सावरायचा, दुसऱ्या हाताने चिवट झालेला तुकडा तोडायचा, त्यात भाजी धरायची, आणि रस शर्टावर सांडला तर घरी ओरडा बसेल ही भीती वेगळीच. वीस मिनिटांतली काही हात धुण्याच्या रांगेत गेलेली असतात आणि मित्र खेळायला हाका मारत असतात. अशा वेळी डबा बंद करून पळणं हे त्या वयाला साजेसंच आहे.

हे बघितलंत की निम्मा उपाय तुमचा तुम्हालाच सुचेल. झाकण त्याच्या बोटांनी उघडेल असं हवं. पदार्थ एका हातात धरून, चार-पाच घासांत संपेल असा, कोरडा आणि छोट्या तुकड्यांत हवा. पोळी जाळीवर किंवा स्वच्छ फडक्यावर पूर्ण गार करून मगच भरा. गरम पोळी फॉइलमध्ये गुंडाळली की ती आपल्याच वाफेने भिजते आणि अकरापर्यंत चामट होते.

आता डबा परत आल्यावर काय करायचं ते. संध्याकाळी त्याच्यासमोर, काही न बोलता तो नीट बघा. पोळीची कड कुरतडलेली आहे का? भाजीतले बटाटे वेचून खाल्लेत आणि कढीपत्ता, मोहरी बाजूला सारलीय का? भाजीचं पाणी सुटून पोळीत मुरलंय का? ज्या डब्याला हातच लागला नाही त्याचं कारण वेगळं, आणि ज्यात वेचावेची झालीय त्याचं वेगळं. ‘का नाही खाल्लंस?’ या प्रश्नाला मुलं ‘माहीत नाही’ एवढंच उत्तर देतात, कारण त्यांना खरंच माहीत नसतं. त्याऐवजी विचारा, ‘तुझ्या शेजारी कोण बसतं? आज त्याच्या डब्यात काय होतं? तुझा डबा बघून कुणी काही म्हणतं का?’ या प्रश्नांना मुलं भरभरून बोलतात.

शेवटचा प्रश्न मुद्दाम लिहिलाय. कुणी तरी एकदा ‘ई, कसला वास येतोय’ म्हटलेलं असतं आणि त्या दिवसापासून डबा उघडणं बंद होतं. मुळ्याची, कोबीची भाजी, उकडलेलं अंडं, सुकट, काळसर दिसणारी नाचणीची भाकरी यांवरून मुलं एकमेकांना फार टोचून बोलतात. अनेकदा तो पदार्थ मुलाला घरी मनापासून आवडत असतो. हे माझ्या मते मुलाच्या नखऱ्यांपेक्षा गंभीर आहे. असं काही कळलं तर तो पदार्थ घरच्या ताटात पूर्वीसारखाच ठेवा, सगळ्यांनी आवडीने खा, आणि बाईंच्या कानावर घाला. डब्यात काय न्यायचं हे मात्र काही दिवस त्याला ठरवू द्या. दुसऱ्याच्या अन्नाला नाक मुरडू नये ही शिकवण चिडवणाऱ्याला द्यायला हवी, आणि ती वर्गात बाईच देऊ शकतात.

मला जे खरं सांगायचंय ते हे, की नवी भाजी शिकवण्याची जागा डबा नव्हे. नव्या पदार्थाची धास्ती साधारण दोन ते सहा या वयात सगळ्यात जास्त असते आणि मग हळूहळू ओसरते. म्हणजे तुमचा मुलगा त्यातून बाहेर पडण्याच्या वयात आहे, थोडा कलाने घ्यायचाय. एखादा पदार्थ आपला म्हणण्याआधी मुलासमोर तो दहा-पंधरा वेळाही यावा लागतो. आपण तीन-चार वेळा नकार ऐकून ‘त्याला आवडतच नाही’ म्हणून सोडून देतो. आणि हे समोर येणं कसं हवं? पदार्थ ताजा, गरम, विश्वासातलं माणूस शेजारी बसून तोच पदार्थ खातंय, आणि ‘खा’ म्हणून कुणी मागे लागत नाहीये. यातलं काहीही मधल्या सुट्टीत मिळत नाही. तिथे अन्न गार असतं, गोंगाट असतो, आई नसते. तिथे भोपळ्याशी ओळख होणार नाही. म्हणून डब्यात फक्त ओळखीचं, आवडीचं द्या, आणि भाज्यांची ओळख रात्रीच्या जेवणात घरी होऊ द्या. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी केलेली वाटणी मला फार पटते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं खायचं की नाही आणि किती हे मुलाने ठरवायचं. कडक वागायचंच असेल तर आपल्या वाट्याच्या तीन गोष्टींबाबत वागा. घास मोजत बसू नका.

मग द्यायचं काय? त्याची यादी वाटते तेवढी लहान नाही. प्रत्येक पदार्थापासून एकच पाऊल पुढे टाका. तूपसाखर-पोळी खातो ना, तर साखरेच्या जागी किसलेला गूळ आणि दाण्याचं कूट घाला, पोळीची घट्ट सुरळी करा आणि तिचे दोन इंचांचे तुकडे करा. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे दोन चमचे कुटानेही त्या पोळीचा कस बराच वाढतो. ते रुळलं की गुळाच्या जागी दाण्याची चटणी आणि तूप. मग बटाट्याची भाजी भरलेला पराठा, मग त्याच बटाट्यात किसलेलं पनीर. पोळी चिवट होत असेल तर आपल्याकडची जुनी दशमी आहेच. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, थोडं तेलाचं मोहन घालायचं. पूर्वी लोक प्रवासाला दशम्या नेत, कारण गार झाल्यावरही त्या मऊ राहतात. डब्यासाठी याहून सोयीचं मला तरी काही दिसत नाही.

बाईंना पोळीऐवजी दुसरं काही चालत असेल तर पुढचेही पदार्थ आहेत. डोसा खातो तर मूगडाळीची धिरडी करून बघा. डाळ रात्री भिजवली की सकाळी मिक्सरमधून काढून लगेच घालता येतात. मोठा डोसा गार झाला की वातड होतो, म्हणून तळहातापेक्षा लहान आणि जरा जाडसर घाला. वरणभाताच्या मुलाला दहीभातही आवडू शकतो. तो डब्यात आंबट होऊ नये म्हणून मऊ, कोमट भातात दूध आणि चमचाभरच दही घालून भरा, अकरापर्यंत डब्यातच छान लागतो. भात मात्र सकाळी ताजा लावलेला हवा, रात्री बाहेर राहिलेला नको. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा पनीर पाच-सहा तास दप्तरात नको. तेव्हा कोरडी चटणी बरी. पोहे बहुतेक मुलांच्या डब्यात कोरडे पडून घशात अडकतात, त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

भाजीत मोहरी आणि कढीपत्ता त्याला खटकत असेल तर डब्यापुरती फोडणी नुसत्या जिऱ्याची करा, यात हार कसली? भाज्या लपवून खाऊ घालण्याबद्दल अनेकजणी विचारतात. दुधीचं थालीपीठ, मेथीचे ठेपले, भोपळ्याचे घारगे हे आपले उघड पदार्थ आहेत, त्यांत लपवाछपवी नाही, ते जरूर करा. पण तो ‘यात काय आहे?’ म्हणाला तर खरं सांगा. एकदा फसवणूक कळली तर मूल त्या भाजीबरोबर पोळीवरचाही विश्वास सोडतं, आणि तुमच्या यादीतला एक हक्काचा पदार्थ जातो.

फळ द्यायचं तर वेलची केळं सालीसकट द्या, मोठं केळं दप्तरात चेपून काळं पडतं. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढल्या तर लवकर तपकिरी होत नाहीत. पेरूच्या दिवसांत पेरू द्या. त्यात संत्र्यापेक्षाही जास्त क जीवनसत्त्व असतं आणि त्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते.

प्रमाण आजच निम्म्यावर आणा. भरगच्च डबा बघूनच मूल दबतं, आणि तो रोज अपुरा राहिला की दोघांनाही अपयश आल्यासारखं वाटतं. थोडा हिशोब सांगते. सरकारी शाळांतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत, आणि ते दुपारचं पूर्ण जेवण आहे. तुमचा मुलगा दीडला घरी येऊन जेवतो, म्हणजे त्याच्या डब्याने एवढं सगळं पेलायची गरजच नाही. तूप, गूळ, कूट घातलेली एक पोळी अडीचशेच्या आसपास जाते, वर एक वेलची केळं. पुष्कळ झालं. आणि आठवड्यात तीनदा तीच सुरळी गेली तरी काही बिघडत नाही. सजवलेल्या, कप्प्याकप्प्यांच्या डब्यांचे व्हिडिओ बघणं काही महिने बंदच ठेवा. त्यात आईची झोप जाते, मुलाच्या पोटात जास्त काही जात नाही.

आता तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुम्हाला परत दाखवते. छोट्या सुट्टीचा खाऊ तो संपवतो. म्हणजे नऊ वाजता त्याला खरी भूक असते, आणि त्या भुकेवर आपण चिवडा-बिस्किटं घालतो. दोन तासांनी पोळी उघडते तेव्हा भूक नसते. अदलाबदल करून बघा. नऊला सुरळीचे तीन-चार तुकडे, ते कोरडेच असल्यामुळे शाळेचीही हरकत नसावी. अकराला दुसरी छोटी पोळी आणि सुक्या बटाट्याची दोन चमचे भाजी, म्हणजे नियमही पाळला जाईल. दूधही दोन पेल्यांवर आणा, दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटर या वयाला पुरतं. त्याहून जास्त दुधाने पोट भरतं, इतर अन्न मागे पडतं आणि लोह कमी पडू लागतं. शाळेला जातानाचं दूध राहू द्या, झोपतानाचं बंद करा. चॉकलेटची पावडर रोज थोडी थोडी कमी करा, एकदम काढू नका.

डबा संपवल्याबद्दलचं चॉकलेट मात्र आजपासून बंद. बक्षीस लावलं की मुलाला कळतं, पोळी ही सोसायची गोष्ट आणि चॉकलेट ही मिळवायची. घरात चॉकलेट असेल तेव्हा सगळ्यांबरोबर त्यालाही द्या, डब्याशी त्याचा संबंध ठेवू नका. रागावणंही थांबवा. पहिले आठ-पंधरा दिवस डबा कदाचित असाच परत येईल, तेव्हा तो उघडायचा, बघायचा, धुवायचा, बस. दुपारचं जेवण वेळेवर द्यायचं, पण परत आलेल्या डब्याची भरपाई म्हणून मधे मधे खाऊ द्यायचा नाही.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तेव्हा जेवणांच्या मधे खायला फारसं काही नसे आणि पाच-सहा मुलं एका पंगतीला बसत. शेजारचा वाढून घेतोय म्हटल्यावर आपलंही पान रिकामं व्हायचं. हेच त्यांना सांगून बघा, ‘आई, तशी पंगत परत बसवू या का?’ रात्री सगळे एकत्र, मोबाइल आणि टीव्ही बंद, त्याच्या ताटात त्या दिवशीच्या भाजीची एक फोड, आणि त्या फोडीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. दुपारचं भरवणं एका दिवसात सुटणार नाही, नातवाच्या काळजीनेच त्या ते करतात. आधी मोबाइल जाऊ दे, मग शेवटचे चार घास त्याने हाताने खायचे, असं उतरवत न्या. आणि दशम्या, घारगे, कूट ही त्यांच्या हातची कामं आहेत. त्यांना विचारा, शिकवायला सांगा. सून आपल्या चुका दाखवतेय असं वाटण्याऐवजी नातवाचा डबा आपल्या हातात आहे असं त्यांना वाटू दे.

मुलाच्या बाबांचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठे आला नाही. घरात असतील तर रात्री डाळ भिजवणं, कूट करणं, सकाळी सुरळी कापून डबा भरणं ही कामं त्यांच्याकडे द्यायला काहीच हरकत नाही. पहाटेचा सगळा भार एकटीने वाहून संध्याकाळी डब्यावर रडायचं, हे बदलायलाच हवं. मुलालाही एक काम द्या. रात्री त्याला दोनच पर्याय विचारा, ‘उद्या गूळ की चटणी?’ ‘काय देऊ?’ असं मोकळं विचारू नका, नूडल्स हेच उत्तर येईल.

डॉक्टरांकडे परत कधी जायचं तेही लिहून ठेवते. वजन थांबलं किंवा घटलं, तो खात असलेले पदार्थही एकेक करून सोडू लागला, घास तोंडात घेताच उमासे किंवा उलटी येऊ लागली, माती-खडू खाताना दिसला, फिका आणि सतत थकलेला वाटला, तर थांबू नका. बद्धकोष्ठाबद्दल आवर्जून सांगा, त्याने मुलांची भूक पार मरते आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही. हिमोग्लोबिनची तपासणी साधी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २१ या काळात देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे चांगल्या खात्यापित्या घरातही हे तपासून घ्यावं. शाळेत जंताची गोळी मिळते ती त्याने घेतली का, तेही विचारा.

राहिल्या बाई. शाळेचा वेफर्स-नूडल्सचा नियम चांगला आहे, त्याला पाठिंबाच द्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या पन्नास मीटरच्या परिसरात विकायलाही मनाई आहे. अडचण एवढीच, की ‘डबा संपवलाच पाहिजे’ असा आग्रह सगळ्यांसमोर झाला तर हा मुलगा आणखी आक्रसेल. डायरीत उत्तर लिहिण्यापेक्षा पालकसभेच्या दिवशी पाच मिनिटं मागून घ्या आणि असं काहीसं सांगा:

‘बाई, तुम्ही लक्ष ठेवता याबद्दल आभार. डॉक्टरांना दाखवलंय, वाढ ठीक आहे. आम्ही आता डबा लहान आणि त्याला आवडेल असा देतोय, छोट्या सुट्टीतही पोळीच असेल. काही आठवडे त्याला डब्यावरून बोलू नका, संपला तर कौतुकही नको. त्याच्याकडून झाकण उघडतंय का आणि डब्यावरून कुणी चिडवत नाही ना, एवढं मात्र बघाल का?’